रिकीला आजचे नियम द्या, मग बोला

काल संध्याकाळी आमच्या गॅरेजमध्ये बेसबॉलवरून भांडण झालं. एका बाजूला माझा १३ वर्षांचा मुलगा, दुसऱ्या बाजूला शेजारचे ७८ वर्षांचे आजोबा. जन्म कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा असला तरी ‘आजोबा’ हा शब्द त्यांच्या आता अंगवळणी पडलाय, हाक मारली की ओ देतात. मुलाचं म्हणणं, जुने खेळाडू आज मैदानात उभेसुद्धा राहणार नाहीत, शंभर मैलांचे चेंडू त्यांना दिसणारच नाहीत. आजोबांचं म्हणणं, आजची पोरं नाजूक, शंभर चेंडू टाकले की खांदा चोळत बसतात.

मी साताऱ्याची, क्रिकेटवर वाढलेली. गावसकरांनी हेल्मेटशिवाय वेस्ट इंडिजचे तोफखाने झेलले, आजचे झेलतील का, या प्रश्नावर आमच्या घरात ताटातली जेवणं थंड झालेली आहेत. त्यामुळे या वादाची जातकुळी मला चांगली ठाऊक आहे. पण मला मनापासून वाटतं की दोघंही भलतंच मोजतायत. वेग मोजतात, दंडातली ताकद मोजतात, नियम कुणीच मोजत नाही. खेळाडू अंगातल्या गुणांनी मोठा होतो हे खरं, पण ते गुण कुठे वापरायचे आणि कुठे गिळून बसायचं, हे त्या काळचा नियम ठरवतो.

म्हणून मी खडू घेतला. गॅरेजच्या जमिनीवर १५ इंचांचा चौकोन काढला आणि त्याच्याभोवती १८ इंचांचा, लंगडीची घरं आखतात तसा. २०२२ पर्यंत बेस, म्हणजे धावपटूनं गाठायची चौकोनी गादी, १५ इंचांचा होता, २०२३ पासून १८ इंचांचा झाला. नुसतं बघितलं तर फरक काही फार नाही, चारही बाजूंनी दीड-दीड इंच. पण त्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्या बेसमधलं अंतर साडेचार इंचांनी कमी झालं. बेस चोरणाऱ्याची बोटं आणि त्याच्यावर येणारा ग्लव्ह यांच्यातला निकाल इतक्याच अंतरात लागत असतो.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. पिचर बॅटरला चेंडू टाकतोय तेवढ्यात पहिल्या बेसवरच्या धावपटूनं दुसऱ्या बेसकडे सुसाट सुटायचं, ही चोरी. पोचलात तर ९० फूट फुकट, सापडलात तर बाद. या कलेचा बादशहा रिकी हेंडरसन, आमच्या ओकलंडचा. कारकीर्दीत १,४०६ चोऱ्या. दुसऱ्या क्रमांकावरचा लू ब्रॉक ९३८ वर आहे, म्हणजे मध्ये ४६८ चं अंतर. १९८२ च्या एका मोसमात रिकीनं १३० बेस चोरले आणि त्याच मोसमात तो ४२ वेळा सापडला.

आता तो काळ डोळ्यांसमोर आणा. तेव्हा धावपटूला बाद करायला पिचरला पहिल्या बेसकडे हवा तितक्या वेळा चेंडू फेकता यायचा. आजोबा ओकलंडच्या कोलिझियम मैदानात पहिल्या बेसच्या बाजूला बसायचे. ते सांगतात, पिचर एकदा फेकायचा, दोनदा फेकायचा, चारदा फेकायचा. प्रत्येक वेळी रिकी पोटावर झेपावत परत. पहिली इनिंग संपायच्या आत त्याच्या शर्टाचा पुढचा भाग तांबड्या मातीनं माखलेला असायचा. तो उठायचा, माती झटकायचा आणि पुन्हा तेवढाच पुढे जाऊन उभा राहायचा, बोटं हवेत वाजवत. हे आजोबा करून दाखवतात तेव्हा त्यांचे गुडघे कुरकुरतात, पण बोटं मात्र बरोबर वाजतात.

आज? पिचरला एका बॅटरमागे असं दोनदाच करायची मुभा आहे. तिसऱ्यांदा फेकलं आणि धावपटू बाद झाला नाही, तर त्याला पुढचा बेस आंदण. शिवाय बेसवर माणूस असेल तर पिचरनं १८ सेकंदांत चेंडू टाकायचा, आणि ते घड्याळ धावपटूलाही दिसतं. रिकी पिचरची टाच बघून पळायचा. त्याला टाचेच्या जोडीला घड्याळ मिळालं असतं, या कल्पनेनंच मला काही सुचेनासं होतं. २०२२ मध्ये सगळ्या संघांच्या मिळून २,४८६ चोऱ्या झाल्या होत्या, नियम बदलल्यावर २०२३ मध्ये ३,५०३. रोनाल्ड अकुन्यानं त्या वर्षी ४१ होमरन (आपल्या षटकारासारखेच) मारून वर ७३ बेस चोरले.

मग रिकी १८० करेल का? मुलाला वाटलं मी हो म्हणणार. मी म्हटलं, नाही. आजचे पिचर धावपटू बेसवर असला की पाय फारसा उचलतच नाहीत, झटकन टाकून मोकळे होतात, आणि ही सवय लागायला रिकीसारखेच लोक कारण झाले. शिवाय ४२ वेळा बाद होऊ देणारा मॅनेजर आज मिळायचा नाही, गणिताची माणसं दुसऱ्याच आठवड्यात त्याला आवरायला सांगतील. माझा अंदाज १०० ते ११० चोऱ्या आणि पंधराएक वेळा बाद. चोऱ्या कमी, पण आधीपेक्षा कितीतरी मौल्यवान.

आणि एक नियम रिकीच्या मुळावर येईल, त्याबद्दल कुणी बोलत नाही. तो बॅटिंगला उभा राहताना इतका वाकायचा की पंचाला स्ट्राइक झोन, म्हणजे पिचरचा चेंडू ज्या चौकटीतून जायला हवा ती बॅटरसमोरची जागा, शोधावा लागे. त्या चौकटीबाहेरचे चार चेंडू, म्हणजे चार बॉल, मिळवून फुकट बेसवर जाण्यात त्याचा हातखंडा होता, असे २,१९० बेस त्यानं मिळवले. २०२६ पासून पंचाच्या निर्णयाला आव्हान देता येतं, आणि तेव्हा यंत्र जो स्ट्राइक झोन धरतं तो खेळाडूच्या सरळ उभ्या उंचीवरून ठरलेला असतो. तुम्ही कितीही वाका, यंत्राला फरक पडत नाही. एका नियमानं दिलेलं दुसरा असं काढून घेतो.

टेड विल्यम्सचं मात्र सरळ भलंच होईल. डावखुरा टेड उजवीकडेच मारतो म्हणून १९४६ मध्ये क्लीव्हलंडच्या लू बूड्रोनं जवळजवळ सगळे क्षेत्ररक्षक तिकडे नेऊन उभे केले होते. २०२३ पासून दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफिल्डर, म्हणजे बेसजवळचे क्षेत्ररक्षक, ठेवावेच लागतात. ज्यानं १९४१ मध्ये ०.४०६ ची सरासरी काढली, म्हणजे दर दहा प्रयत्नांत चार यशस्वी फटके मारले, त्याच्यापुढे पुन्हा मोकळी जागा.

बेब रूथवर मी फार लिहीत नाही, त्याच्यावर सगळेच लिहितात. एवढंच सांगते की मोठ्या लीगमधला पहिला रात्रीचा सामना २४ मे १९३५ ला सिनसिनाटीत झाला आणि दुसऱ्याच दिवशी पिट्सबर्गमध्ये रूथनं त्याचे शेवटचे ३ होमरन मारले. कारकिर्दीतले ७१४ च्या ७१४ होमरन दिव्यांशिवाय.

नुकसान कुणाचं होईल? पिचरांचं, आणि ते मला लागतं. आम्ही विमानतळाकडे १०१ महामार्गावरून जाताना सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिकची मोकळी जागा दिसते, मैदान पाडलं २०१५ मध्ये. तिथे २ जुलै १९६३ च्या रात्री ४२ वर्षांचा वॉरन स्पान आणि २५ वर्षांचा हुआन मॅरिशाल समोरासमोर उभे राहिले. ९ इनिंग संपल्या, ०-०. १२ संपल्या, ०-०. दोघांपैकी कुणीही चेंडू दुसऱ्याच्या हातात दिला नाही. १६ व्या इनिंगमध्ये मॅरिशालच्या संघातल्या विली मेजनं होमरन मारला आणि १-० असा निकाल लागला. स्पाननं २०१ चेंडू टाकले होते, मॅरिशालनं २२७. आजोबा तेव्हा १५ वर्षांचे, रेडिओ उशाशी घेऊन, आवाज बारीक करून, घरच्यांना कळू नये म्हणून पांघरुणात ऐकत होते.

हा सामना आज होऊच शकत नाही. सहाव्या-सातव्या इनिंगला दोघांनाही बसवतील. समजा नाही बसवलं, तरी दहाव्या इनिंगपासून दुसऱ्या बेसवर एक धावपटू आयता उभा करतात, सामना लवकर संपावा म्हणून. २०२० मध्ये आला आणि २०२३ मध्ये कायम झाला हा नियम. खांदे वाचले पाहिजेत हे मलाही पटतं. पिचर सँडी कूफॅक्सला कोपर साथ देईना म्हणून १९६६ मध्ये, २७ सामने जिंकलेल्या मोसमानंतर, ३० व्या वर्षी थांबावं लागलं होतं. आजच्या पद्धतीनं जपला असता तर तो आणखी पाच-सहा वर्षं खेळला असता, असं मी छातीठोकपणे म्हणते. पण आयता उभा केलेला तो धावपटू मला कधीच आपला वाटला नाही. न कमावलेला माणूस बेसवर उभा बघितला की माझा जीव तुटतो.

पिच क्लॉकची, म्हणजे त्या १८ सेकंदांच्या घड्याळाची, मात्र कुणी काळजी करू नये. पिचर बॉब गिब्सन तर कॅचर (बॅटरमागे चेंडू झेलणारा) बोलायला पुढे आला की त्याला परत पाठवायचा, इतकी त्याला घाई. १९६० च्या दशकातले सामने अडीच तासांच्या आसपास संपायचे. २०२२ मध्ये ते ३ तासांच्या वर गेले होते, घड्याळानं २०२३ मध्ये २ तास ४० मिनिटांवर आणले. म्हणजे घड्याळ आणून आपण त्यांच्याच चालीवर परत गेलो.

गिब्सनचं नाव निघालं ते बरं झालं, कारण या वादातला खराखुरा पुरावा त्याच्याकडेच आहे. बाकी सगळं आपण कल्पनेनं बोलतो, त्याच्या बाबतीत तो प्रयोग प्रत्यक्ष झाला. १९६८ मध्ये त्यानं दर ९ इनिंगमागे १.१२ धावा दिल्या, १३ सामन्यांत समोरच्यांना एकही धाव करू दिली नाही. तिकडे दुसऱ्या, म्हणजे अमेरिकन लीगमध्ये यास्त्रेम्स्की ०.३०१ वर अव्वल बॅटर ठरला. बॅटर इतके दबले की १९६९ साठी पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० वर आणला, स्ट्राइक झोन आक्रसला. अर्धी वीत जमीन काढून घेतली त्याच्या पायाखालची. पुढच्या मोसमात गिब्सननं काय केलं? २० विजय, दर ९ इनिंगमागे २.१८ धावा, आणि २८ सामने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्यानं, आदल्या वर्षीइतकेच. त्या वर्षी ४ नवे संघ आले होते, त्यामुळे समोरचे बॅटर थोडे विरळ झाले असतील, हे मी मान्य करते. तरीही नियम थेट त्याच्यासारख्यांवर रोखला होता आणि तो उभा राहिला. हे ऐकून मुलगा पहिल्यांदा गप्प बसला.

आता दुसरा गिब्सन. जॉश. त्याच्या बाबतीत इंच आणि सेकंद मोजून भागत नाही, कारण त्याला अडवणारा नियम पुस्तकात लिहिलेलाच नव्हता. कृष्णवर्णीयांना मोठ्या लीगमध्ये घ्यायचं नाही, हे सगळे मालक न लिहिता पाळत होते. जॉश गिब्सन होमस्टेड ग्रेज आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्सकडून कृष्णवर्णीयांच्या निग्रो लीगमध्ये खेळला, कॅचर म्हणून, आणि २० जानेवारी १९४७ ला ३५ व्या वर्षी गेला. ती बंदी मोडणारा जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला १५ एप्रिल १९४७ ला. तीन महिनेही नाहीत मध्ये. २०२४ मध्ये त्या लीगचे आकडे अधिकृत नोंदींत धरले गेले आणि जॉशची ०.३७२ ही सरासरी तोवर अव्वल असलेल्या टाय कॉबच्या ०.३६७ च्या वर जाऊन बसली.

हे वाचताना मला आपले पळवणकर बाळू आठवतात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतलेला गोलंदाज, आणि पुण्यात जातीमुळे त्याला चहा मैदानाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधीच मिळालं नाही, ते १९२३ मध्ये त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळालं. ‘जुना खेळाडू आज टिकेल का’ असं विचारताना आपण या माणसांना धरतच नाही.

तर जॉशला आजचे नियम द्या. दार उघडं, ही पहिली गोष्ट. २०१४ पासून होम प्लेटवर कॅचरच्या अंगावर धडक मारायला बंदी आहे, त्यामुळे त्याचं शरीर वाचेल. आणि २०२२ पासून दोन्ही लीगमध्ये पिचरच्या जागी फक्त बॅटिंग करणारा खेळाडू चालतो, म्हणजे गुडघे दुखतील त्या दिवशीही त्याला बॅटिंग करता येईल. निग्रो लीगचा मोसम ६०-७० सामन्यांचा असायचा, इथे १६२ आहेत.

मुलानं विचारलं, “आई, मग किती होमरन मारेल तो?”

मी म्हटलं, पहिल्या मोसमात ४०. आजोबा खडूच्या चौकोनावरून उठले, पँट झटकली आणि म्हणाले, ५०.