तो अश्रू नुसत्या भक्तीतून आलेला नाही

फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागातली, चित्रं भाविकांना रडवतात, इटालियन चित्रं रडवत नाहीत, असं मायकलअँजेलो म्हणाल्याची नोंद आहे. फ्रान्सिस्को द होलांडाने १५४८ मध्ये लिहिलेल्या संवादांत ते सापडतं. हे कौतुक नव्हतं. डोळ्यांत पाणी येतं ते बघणाऱ्याच्या भाबड्या भक्तीमुळे, चित्राच्या ताकदीमुळे नव्हे, असा त्याचा रोख. एवढ्या मोठ्या कलावंताचं म्हणणं खोडायला जीभ रेटत नाही, पण मला हे मुळीच पटत नाही.

फ्लेमिश चित्रकार रॉजिअर व्हान डर वायडनचं ख्रिस्ताला क्रुसावरून उतरवतानाचं चित्र घ्या. १४३५ च्या आसपासचं, लूव्हेनच्या धनुर्धाऱ्यांच्या संघासाठी काढलेलं, आता माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. ओकच्या फळ्यांवर तैलरंग. जवळजवळ खऱ्या मापाची १० माणसं एका उथळ सोनेरी कोनाड्यात दाटीवाटीनं उभी. मागे ना आभाळ, ना डोंगर. नजर चुकवून जाल कुठे?

प्रादोच्या संकेतस्थळावर हे चित्र खूप मोठं करून बघता येतं. ख्रिस्ताच्या आईच्या, मरियेच्या गालावरचा थेंब नक्की बघा. त्यावर उजेडाचा बारीकसा ठिपका आहे, कडेला सावली आहे, आणि थेंबाखालची कातडीही दिसते. तेलाऐवजी अंड्याच्या बलकात कालवलेला रंग बघता बघता वाळतो. छटा बारीक रेघा ओढून जुळवाव्या लागतात. तेल सावकाश वाळतं. खाली खडूचं पांढरं अस्तर आणि वर रंगाचे पातळ, पारदर्शक थर. उजेड आत शिरतो, अस्तरावर आपटून परततो, म्हणून तो थेंब ओला वाटतो. हे कसब काढून घेतलं तर उरेल एक पांढरा डाग. भाव एकीकडे आणि तंत्र दुसरीकडे, अशी वाटणी इथे करायची कुठून?

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात मरिया क्रुसाजवळ उभी आहे. रॉजिअरनं तिला कोसळवलंय, आणि तेही हुबेहूब मुलाच्या देहाच्या बाकात. मेलेला देह आणि शुद्ध हरपलेला देह, एकच वळण. लहानपणी दारात तिरडी असताना माझ्या चुलतीला दोघींनी काखेत हात घालून सावरलेलं मी पाहिलंय. मान एका बाजूला कललेली, सगळा भार दुसऱ्यांच्या हातांवर. मरियेला धरणाऱ्यांकडे बघताना मला तो भार जाणवतो.

मी ख्रिस्ती नाही. मायकलअँजेलोनं जिला श्रेय दिलं ती भक्ती माझ्यापाशी नाही. तरीही चित्राच्या मधोमध, खिळ्याची जखम असलेला ख्रिस्ताचा लोंबता हात आणि शेजारी मरियेचा पांढराफटक पडलेला हात दिसतो, तेव्हा माझा घसा दाटून येतो. दोन्ही हात इतके जवळ आहेत, आणि रॉजिअरनं ते एकमेकांना शिवू दिलेले नाहीत.