बेमॅक्स आणि तेरा दिवसांची माणसं

कराडला दादाच्या सोसायटीत मे महिन्यात पोरांसाठी प्रोजेक्टरवर डिस्नेचा कार्टून सिनेमा बिग हिरो सिक्स दाखवला आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन दिवस नुसती जुंपली होती. वहिनीचं म्हणणं, पोरांच्या सिनेमात मोठा भाऊ आगीत मरतो हे हवंच कशाला, चिऊ रात्रभर लाईट लावून झोपली. त्यावर काका म्हणाले, तिकडं दुःखात जवळ घ्यायला माणूस मिळत नाही म्हणून त्यांना फुग्याचा रोबो लागतो. आता ‘तिकडं’ म्हणजे मीच की, बारा वर्षं टोकियोत, निशी-कासाईला.

मरण दाखवायचं नाही हे मला पटत नाही. आजी आम्हाला चार वर्षांचे असताना श्रावणबाळ सांगायची, बाण लागतो, आंधळे आईबाप पाण्याची वाट बघत बसतात, आम्ही भोकाड पसरायचो आणि परत सांग म्हणायचो. या सिनेमात तर मरण दिसतही नाही, मोठा भाऊ ताडाशी आगीत धावत शिरतो आणि मागं राहते त्याची टोपी. जपानमध्ये डिसेंबर 2014 ला सिनेमा लागला तेव्हा नावच नुसतं बेमॅक्स, म्हणजे त्या रोबोचं, जाहिरातीत सुपरहिरोंची गँग जवळपास गायब, भाऊ गेलेला पोरगा आणि पांढरा गुबगुबीत रोबो एवढंच. (त्याचं तोंड, दोन टिंबं आणि मधे रेघ, इथल्या देवळातल्या घंटेवरून सुचलंय, स्टेशनजवळच्या देवळात घंटा दिसली की आमचा मुलगा हात हलवतो.)

पण काकांचं निम्मं खरंय. आप्पा गेले तेव्हा विमानं बदलत मी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. पुढं तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं, जो येईल तो विचारणार शेवटचं काय बोलले, आणि दादा प्रत्येकाला पहिल्यापासून सांगणार, चहा मागितला, मग म्हणाले पंखा कमी कर. मला तेव्हा वैताग यायचा. टोकियोत परत आलो तर ऑफिसात काळ्या-पांढऱ्या दोऱ्याचं पैशाचं पाकीट हातात दिलं, सगळे वाकले, आणि नंतर एकानंही एक शब्द विचारला नाही. आठवडाभर बरं वाटलं, नंतर ती शांतता अंगावर यायला लागली. सिनेमात तो रोबो दुःखावरची माहिती डाऊनलोड करून उपाय काय काढतो, तर मित्रांना, जवळच्यांना बोलवा! म्हणजे आमचे तेरा दिवसच की.

फक्त त्या तेरा दिवसांत पोरांना कोण विचारतं? चिऊला तेव्हा शेजारच्या काकूंकडे धाडलेलं, आप्पा देवाघरी गेले म्हणून विषय संपवला. सिनेमात बेमॅक्स विचारतो, एक ते दहात दुखणं किती? इकडं आमच्या सात वर्षांच्याने ते बघून फ्रीजवर कागद चिकटवला, एक ते दहा आकडे, प्रत्येकापुढे तोंड, दहाच्या तोंडाला निळ्या स्केचपेनचे अश्रू थेट भाजीच्या कप्प्यापर्यंत. एका संध्याकाळी मी आप्पांची जुनी व्हॉइस नोट ऐकत होतो, ‘पोचलास का रे’ एवढीच, तर हा आला, बाबा किती? म्हटलं दोन. तो म्हणाला खोटं, आणि मला हाताला धरून फ्रीजपाशी नेलं.

ग्रुपवर यातलं काहीच टाकलं नाही, काकांशी कोण वाद घालणार. वहिनीला वेगळा मेसेज केला, रविवारी चिऊला व्हिडिओ कॉलवर दे, आप्पांबद्दल बोलायचंय. ब्लू टिक आलीय, उत्तर अजून नाही.