आबांचं कॅलेंडर

दसऱ्याच्या तोंडावर माणसानं नवीन उद्योग काढू नये. ज्याच्या रानात झेंडू उभा आहे आणि दारात तो वाहायची पिकअप उभी आहे, त्यानं तर मुळीच नाही. पण पुण्याला इंजिनीअरिंग शिकणारा पुतण्या सुट्टीला आला, त्यानं मोबाइल पुढे धरला आणि माझी बुद्धी फिरली.

मोबाइलमध्ये एक काळी कुळकुळीत गाडी होती आणि चाकांच्या आतून काहीतरी लालभडक चमकत होतं.

"काका, हे कॅलिपर. ब्रेम्बोचे असतात ना, तसे. रंगवले की गाडीचा लुकच बदलतो."

ब्रेम्बो म्हणजे इटलीतली, 1961 साली बर्गामोजवळ सुरू झालेली ब्रेकची कंपनी, फेरारीच्या शर्यतीच्या गाड्यांना ब्रेक पुरवणारी, हे त्यानंच सांगितलं. तिचा कारखाना आपल्या चाकणलाही आहे म्हटल्यावर मला ते घरचंच वाटायला लागलं.

माझ्या बोलेरो पिकअपचा तोवरचा लुक असा: काचेवर 'जय मल्हार', बंपरला काळी बाहुली, आणि मागच्या फाळक्यावर 'आई-बाबांचा आशीर्वाद'. त्यातला 'शी' एकदा रिव्हर्स घेताना खांबानं नेला. तेव्हापासून नुसता 'आर्वाद' घेऊन फिरतोय.

कॅलिपर म्हणजे ब्रेकच्या डिस्कला चिमट्यासारखा धरून बसलेला लोखंडाचा गठ्ठा. आपण पेडल दाबलं की त्यातला पिस्टन पॅड डिस्कवर आवळतो. दिवे घाटातून माल भरून उतरताना गाडीची सगळी मस्ती तिथे घासून उतरते आणि तिची धग होते. म्हणून दारं-खिडक्यांचा ऑइल पेंट तिथे चालत नाही, जळून पापुद्रे धरतो. त्याला उष्णता सोसणारा वेगळा रंग लागतो. तो सासवडला मिळाला नाही. ऑनलाइन मागवला, 650 रुपयांना एक स्प्रेचा डबा.

आबांनी डबा हातात घेऊन हलवला. आतली गोळी खडखडली.

"कशाला हाय ह्यो?"

"कॅलिपर रंगवायला."

"कॅलेंडर? भिंतीवरचं?" मग किंमत ऐकली आणि हिशेब मांडला. "युरियाची गोणी 266 रुपये पन्नास पैशाला. दोन गोण्या येऊन वर चहा झाला असता. आन् रंगच द्यायचा तर पिवळा द्यायचा की. जेजुरीच्या वाटंवर ऱ्हातो आपण."

मी कानाआड केलं.

पहिली चूक पहिल्या मिनिटाला. मागच्या चाकांना दगड लावले, उत्साहात जॅक चढवला, चाक अधांतरी झालं आणि मग मी पाना लावला. नट फिरेना, चाक मात्र छान फिरे. नट आधी ढिले करायचे आणि मगच गाडी उचलायची, हे मी स्टेपनी बदलताना शंभर वेळा केलंय. पण हौसेच्या कामात माणूस शिकलेलं विसरतो. गाडी पुन्हा खाली. आता नट हलेनात. दसऱ्याच्या उत्सवात जेजुरीला 42 किलोचा खंडा दातांत धरून तोलणारे गडी आहेत, आणि त्याच तालुक्यातला मी पान्यावर दोन्ही पायांनी उभा राहून नाचत होतो. शेवटी नट सुटला. माझी चप्पलही सुटली.

चाक निघालं, खाली घोडी लावली आणि आत पाहिलं. कॅलिपर कुठला, तिथे गेल्या सहा पावसाळ्यांचा सातबारा होता. काळी माती, लाल माती, पॅडची काळी भुकटी, ग्रीस, आणि झेंडूची एक वाळकी पाकळी. तारेच्या ब्रशनं तासभर घासलं. ब्रेक क्लीनर मारला. लोखंड दिसलं तेव्हा मला उगाच भरून आलं.

मग कागद चिकटवण्याचं काम. डिस्कला रंग लागता कामा नये, पॅडला नको, पिस्टनवरची रबरी टोपणं झाकायची, ब्रेकमधली हवा काढायचं निप्पल झाकायचं, ब्रेकचा होज झाकायचा. हे सगळं झाकल्यावर रंगवायला जेवढा भाग उरला, त्यावर बायकोनं नखं रंगवली असती.

पहिला हात मारला. वारं रानाकडून घराकडे होतं, हे माझ्या लक्षात आलं नाही. कोंबडीच्या आलं. तिची एक बाजू पांढरी राहिली.

"अहो, आता हिला पण लुक आला," ही दारातून म्हणाली.

डिस्कच्या कडेचा कागद कधी उडाला, ते कुणालाच कळलं नाही. लाल शिंतोडे पुसण्यात अर्धा तास गेला. इथे मात्र मी हयगय केली नाही. रंगापायी घाटात ब्रेक घसरला तर लुक कुणाला दाखवायचा?

तीन हात झाले. दुसऱ्या बाजूचे तीन झाले तोवर दिवस मावळला. डब्यावर लिहिलं होतं, पूर्ण वाळायला 24 तास. झेंडूला ते कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाकं चढवली, गाडी भरली, आणि बॅटरी घेऊन मी चाकासमोर उकिडवा बसलो.

काहीच दिसेना.

मोबाइलमधल्या गाडीला अलॉय व्हील होती, मोठाल्या फटींची. माझ्या गाडीला लोखंडी रिम, तिला कडेनं भोकं. एका भोकाला डोळा लावला, दुसऱ्यातून बॅटरी मारली, तेव्हा आत कुठेतरी लाल झाक दिसली. शेजारचे अण्णा मला तसं बसलेलं पाहून म्हणाले, "उंदीर शिरला का?"

रात्री परतीचा पाऊस झाला. रानातून डांबरीवर येईपर्यंत चारही चाकं एका रंगाची झाली.

गुलटेकडीला माल उतरवून येताना हडपसरच्या पुढे पुढचंच चाक पंक्चर. एरवी मी कपाळाला हात लावला असता, पण त्या दिवशी मनात उकळ्या फुटल्या. अखेर कुणीतरी बघणार! पंक्चरवाल्यानं चाक काढलं, आत पाहिलं, बोटानं खरवडलं.

"दादा, रेड ऑक्साइड मारून ठेवलाय व्हय? चांगलं केलं. वरनं रंग कधी देणार?"

दसऱ्याला गाडी धुतली, हार घातला, चाकाखाली लिंबं ठेवली. आबा कुंकवाची वाटी घेऊन आले, वाकले, आणि रिमच्या भोकातून बोट आत घालून कॅलिपरला टिळा लावला. लालावर लाल. उठताना म्हणाले, "म्होरं दोन झाली. मागली कॅलेंडरं का सोडली?"

मागे डिस्क नसते, ड्रम असतो, त्याला कॅलिपर नसतो, असं मी त्यांना समजावून सांगत होतो. सांगता सांगता हातातला डबा सहज हलवला. गोळी खडखडली. अर्धा रंग अजून शिल्लक होता.