आभाळातली घंटागाडी आणि तुमचा नवा सॅटेलाइट

अभिनंदन! पैसा आलाय, रॉकेटवर जागा बुक झालीय, म्हणजे आता सॅटेलाइट सोडणारच तुम्ही. सोडा की, आभाळ काय कुणाच्या बापाचं नाही.

फक्त काम झाल्यावर तो खाली कसा आणायचा असले फालतू विचार डोक्यात आणू नका. अमेरिकेचा व्हॅन्गार्ड 1 बघा, 1958 ला वर गेला, 1964 ला त्याची वाचा बसली, तरी अजून फिरतोय, ना भाडं ना मेंटेनन्स, पागडीचा भाडेकरूसुद्धा लाजेल. आणि कुणाला धडकला तर? धडकू द्या. 10 फेब्रुवारी 2009 ला सैबेरियाच्या वर साधारण 790 किलोमीटरवर रशियाचा बंद पडलेला कॉसमॉस आणि अमेरिकेचा चालू इरिडियम हे दोन सॅटेलाइट एकमेकांवर आदळले, नुसते रडारला दिसतील असे तुकडेच दोन हजारांवर झाले, पण तिथे ना सिग्नल ना मामा, पंचनामा करणार कोण!

हवामान बघत बसायची पण गरज नाही, तिकडे कुठलं आलंय हवामान. स्टारलिंकने फेब्रुवारी 2022 मध्ये 49 सॅटेलाइट आधी 210 किलोमीटरवर सोडले, नेमकी सूर्याला शिंक आली, म्हणजे सौर वादळ आलं, वरची विरळ हवा तापून फुगली आणि त्यांना अशी काय ओढायला लागली की जवळपास चाळीस वर चढायच्या आधीच जळून गेले. नासाच्या स्कायलॅब या अवकाश प्रयोगशाळेचं तेच, सूर्य अंदाजापेक्षा जास्त तापला आणि ती 1979 ला आली खाली. आपल्याकडे लोकांनी केवढा धसका घेतला होता, पडली मात्र ऑस्ट्रेलियात, तिथल्या एस्परन्स गावाने नासाला कचरा टाकल्याबद्दल 400 डॉलरची पावती फाडली. (आपल्या नगरपालिकांनी हे शिकण्यासारखं आहे.)

तर ही फुगणारी हवा म्हणजे तिथली एकुलती एक घंटागाडी. सूर्य जरा तापला की ती वरपर्यंत येते, खालच्या कक्षांमधला कचरा ओढते आणि जाळून टाकते, पगार नाही की संप नाही. पण घाबरू नका, तिचाही बंदोबस्त आपण चालवलाय. कार्बन डायऑक्साइड आपल्याला इथे उकडवतो पण तिकडे वर उलटं, तिथली हवा तो थंड करतो, हवा आकसते, ओढ कमी होते, कचरा आणखी वर्षानुवर्षं टिकतो. म्हणजे तुम्ही दूध आणायला पण गाडी काढा, एसी 18 वर ठेवा, सॅटेलाइटला आयुष्य लाभेल.

आणि एखादा तुकडा पडलाच कुणाच्या गावात तर टेन्शन घ्यायचं नाही. 2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ, विदर्भात लोकांनी आभाळात पेटत्या रेघा बघितल्या, उल्का म्हणून मोबाइल काढून शूटिंग केलं, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीत सापडलं माणसापेक्षा मोठं धातूचं कडं. चीनच्या रॉकेटचं असावं म्हणाले जाणकार. गेलं बिचारं पोलीस ठाण्यात. आता मालक थोडाच जामीन घेऊन येणार आहे, आणि तुम्हालाही कुणी बोलवायचं नाही.