शेवटाचं मत शेवटाआधी तयार ठेवा

'व्होल्ट्रॉन: लेजंडरी डिफेंडर' तुम्ही पाहिली असेल, तर पुढचे सल्ले तुम्हाला लागणार नाहीत. तुमचं मत २०१८ पासून तयारच आहे आणि ते तुम्ही कुणाला ना कुणाला ऐकवलेलंही आहे. पाहिली नसेल तरी अडत नाही. या मालिकेच्या शेवटावर तावातावाने बोलणाऱ्यांत आठवा सीझन न पाहिलेले बरेच आहेत, आणि "मी तो मानतच नाही" असं ते छाती ठोकून सांगतात. तेव्हा संकोच सोडा.

भांडायला बसण्यापूर्वी जुजबी माहिती असलेली बरी. ड्रीमवर्क्सची ही ॲनिमेटेड मालिका, चित्रं दक्षिण कोरियाच्या स्टुडिओ मीरची. जून २०१६ मध्ये नेटफ्लिक्सवर आली, १४ डिसेंबर २०१८ ला आटोपली. आठ सीझन, ७८ एपिसोड. पाच रंगांचे पाच यांत्रिक सिंह, त्यांत बसणारे पाच पॅलाडिन, म्हणजे योद्धे: शिरो, कीथ, लान्स, हंक आणि पिज. सिंह एकमेकांना जोडले की होतो अवाढव्य रोबो, त्याचं नाव व्होल्ट्रॉन. समोर दहा हजार वर्षं विश्व तुडवत बसलेलं गालरा साम्राज्य. विज्ञान औषधापुरतं, जादू पोटभर. एवढं समजलं की पुरे. कथानकाच्या फार खोलात शिरू नका, मत डळमळीत होतं.

पहिलं काम म्हणजे जोडी ठरवणं. हे पहिल्याच एपिसोडमध्ये उरकून घ्या, कारण नंतर पात्रं स्वतःच काहीबाही वागायला लागतात आणि गोंधळ होतो. कीथ आणि लान्स सारखे एकमेकांवर खेकसतात, म्हणजे त्यांचं प्रेम आहे. ही झाली 'क्लान्स'. शिरो आणि कीथ एकमेकांवर खेकसत नाहीत, म्हणजे त्यांचंही प्रेमच, ही 'शीथ'. लोटोर शत्रूचा राजपुत्र आणि अलूरा राजकन्या, तिथे तर पुरावाही लागत नाही. एकदा आपली जोडी निवडली की दुसऱ्या जोडीच्या समर्थकांशी सोयरसुतक तोडायचं. शिरोचा वाढदिवस २९ फेब्रुवारीचा, म्हणजे चार वर्षांतून एकदा येणारा. पण त्याच्या वयाचा हिशेब चाहते रोज करत. त्याच्या वयातून कीथचं वय वजा करायचं आणि जे उत्तर येईल त्यावरून समोरच्याचं चारित्र्य काढायचं. गणितात नापास झालेल्यांनीही ही वजाबाकी मन लावून केली.

निष्ठा दाखवण्याचे आणखी जालीम मार्गही आहेत. २०१७ मध्ये स्टुडिओ मीरमधले गोपनीय फोटो एका चाहतीच्या हाती लागले आणि क्लान्स अधिकृत करा, नाहीतर फोटो फोडते, अशी धमकी दिली गेल्याचं प्रकरण चांगलंच गाजलं. दोन काल्पनिक मुलांनी एकमेकांवर प्रेम करावं म्हणून खंडणी! एवढी तळमळ तुमच्यात नसेल तर तुम्ही नुसते प्रेक्षक आहात, चाहता म्हणवून घेऊ नका.

आता प्रत्यक्ष शेवट. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मध्यरात्री सीझन उघडला तेव्हा आपल्याकडे शुक्रवार दुपारचा दीड वाजला होता, म्हणजे इथल्या चाहत्यांची ऑफिसात नाहीतर कॉलेजात डबा खायची वेळ. तेरा एपिसोड, प्रत्येकी जेमतेम तेवीस मिनिटांचे. सलग पाहिले तरी पाच तास जातात, आणि शिवी काही पाच तास थांबत नाही. म्हणून शेवटचा एपिसोड आधी पाहायचा. त्यातही क्रेडिट्सच्या वेळची स्थिरचित्रं आधी, कारण खरा मसाला तिथे आहे. मधलं काय घडलं ते दुसऱ्यांच्या संतापावरून कळतंच.

शेवटात होतं असं की लोटोरची आई होनर्वा हिने विश्वांचा पार चुथडा केलेला असतो आणि तो निस्तरायला अलूरा स्वतःचा जीव देते. प्रत्येकाचा निरोप घेते, लान्सचा जरा जास्त. त्याच्या डोळ्यांखाली तिच्यासारख्या खुणा उमटतात आणि ती प्रकाशात निघून जाते. वर्षभराने बाकीचे तिच्या पुतळ्यापाशी जमतात, जेवतात. सिंहांचे डोळे लकाकतात आणि तेही आकाशात पसार होतात. पुढे हंक स्वयंपाकाच्या जोरावर ग्रहाग्रहांत सलोखा करत फिरतो, पिज नवा रोबो बांधते, कीथ लढवय्यांची गुप्त संघटना मदतकार्याला जुंपतो आणि लान्स शेती करतो. अवकाशातला पटाईत नेमबाज अखेर शेतात! आपल्याकडे 'शेवटी गावी जाऊन शेती करणार' म्हणणाऱ्या आयटीवाल्यांना हा सुखान्त वाटेल; लान्सच्या चाहत्यांना तो शिक्षा वाटला.

इथे एक धोका आहे, जपून असा. तुमची एखादी तक्रार रास्त निघू शकते. अलूराचंच बघा. बाप गेला, ग्रह गेला, दहा हजार वर्षांची झोप घेऊन उठली ती परक्या पोरांना शस्त्र चालवायला शिकवत. मुख्य टोळीतली ही सावळ्या रंगाची नायिका. शेवटी तिचा ग्रहसुद्धा परत येतो, प्रत्येकाला घर मिळतं, घरचं माणूस मिळतं, आणि जिच्यामुळे मिळतं तिला मिळतो पुतळा. पुतळा उभारला की हिशेब चुकता, हे महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. कित्येक सावळ्या मुलींनी तेव्हा लिहिलं होतं, की आमच्यासारखी दिसणारी राजकन्या एकदाची मिळाली होती, तिलाच का संपवलंत? यावर द्यायला धड उत्तर नाही.

मग अशा तक्रारीचं करायचं काय? तिला एकटी सोडायची नाही. तिच्यासोबत कीथच्या केसांची लांबी, लान्सच्या जाकिटाचा रंग, अमक्याने तमक्याकडे तीन सेकंद पाहिलं पण चारच का नाही पाहिलं, असल्या पन्नास तक्रारी एकाच दमात पाठवायच्या. निर्मात्यांचीही सोय होते. उत्तर कशाचं द्यायचं हे त्यांना निवडता येतं आणि ते अर्थातच केसांचं निवडतात.

तिकडचेही काही कमी नाहीत म्हणा. जुलै २०१८ मध्ये सॅन डिएगो कॉमिक-कॉनमध्ये सातव्या सीझनची झलक दाखवताना निर्मात्यांनी जाहीर केलं, की शिरो समलिंगी आहे, त्याच्या आयुष्यात ॲडम नावाचा जोडीदार होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काही रडले, चित्रांचा पूर आला. मग १० ऑगस्टला सीझन आला आणि त्यात ॲडम गालरांच्या हल्ल्यात मेला. पृथ्वीवर परतलेल्या शिरोला स्मृतिफलकावर त्याचं नाव तेवढं दिसलं. आधी महिनाभर ढोल वाजवले आणि पालखी उघडली तर आत फलक. निर्मात्यांपैकी जोआकिम डॉस सँटोस यांनी मग खुलं पत्र लिहून दिलगिरी व्यक्त केली. आणि डिसेंबरात, सगळं संपल्यावर, एका स्थिरचित्रात शिरोचं लग्न लागलं. कुणाशी? कर्टिसशी. कर्टिस कोण? लग्नाच्या अल्बममध्ये 'हा कुणाकडचा बरं?' असं विचारावं असा एक माणूस, आणि नेमका तोच नवरा निघावा, तसा प्रकार. ॲटलास जहाजावरचा हा अधिकारी. त्याची वाक्यं बोटांवर मोजावीत. त्याला शोधायला चाहत्यांना आधीचे एपिसोड पॉज करकरून पाहावे लागले. तुम्ही कोणत्याही जोडीचे असा, या लग्नावर मनसोक्त टीका करा. या एका मुद्द्यावर क्लान्सवाले आणि शीथवाले एका मांडवात आले. आठ सीझनमध्ये व्होल्ट्रॉनलाही इतकी एकजूट साधली नव्हती.

टीका करून भागत नसेल तर पुढची पायरी चढा: दाखवलेला शेवट खरा नव्हताच. खरा आठवा सीझन कुठेतरी कपाटात कुलूपबंद आहे आणि वरच्या साहेबांनी ऐनवेळी तो कापूनकुपून भलताच जोडला. या श्रद्धेतून याचिका निघाल्या, हॅशटॅग निघाले, एकेका फ्रेमची शवविच्छेदनं झाली. कृती सोपी आहे. ओठ हलतात आणि शब्द जुळत नाहीत असं एखादं वाक्य पकडायचं, डोळ्यांचा रंग बदललेला प्रसंग शोधायचा, मग 'योगायोग?' एवढंच लिहून गप्प बसायचं. न दाखवलेल्या सीझनचा मोठा गुण म्हणजे त्यात चूक सापडत नाही. त्यात अलूरा जिवंत असते. लोटोरही असतो, नाहीतर दाखवलेल्या आठव्या सीझनमध्ये त्याचं जे काही वितळून उरलं होतं ते पाहून जेवण जाणार नाही.

चर्चा रंगात आली की कुणीतरी "जुनी मालिकाच बरी होती" म्हणतो. तो बहुतेक मीच असतो. या वाक्याला कुणी आडवं जात नाही, कारण जुनी कुणी धड पाहिलेली नसते. ती १९८४ ची अमेरिकन मालिका, आणि तीही १९८१ च्या 'गोलायन' या जपानी मालिकेची चित्रं कापून, नवे संवाद चिकटवून बेतलेली. जपानी मालिकेत शिरोगाने नावाचा गडी सुरुवातीलाच मरतो. अमेरिकेत मुलांना मरण कसं दाखवायचं, म्हणून त्याचं नाव ठेवलं स्वेन आणि त्याला पाठवलं उपचाराला. पुढे जपानी कथेत मेलेल्याचा भाऊ उगवतो. अमेरिकेत मात्र स्वेनच बरा होऊन आला म्हणून सांगितलं. नव्या मालिकेतला शिरो म्हणजे हाच शिरोगाने. दुसऱ्या सीझनच्या अखेरीस तोही मेला, पुढे बराच काळ त्याचा क्लोन त्याच्या नावाने वावरला आणि सहाव्या सीझनमध्ये त्याचा आत्मा त्या क्लोनच्या देहात घातला गेला. केस तेवढे पांढरे झाले. हा माणूस १९८१ पासून मरतोय आणि दर वेळी कुणीतरी नवं निमित्त काढून त्याला उठवतंय. तेव्हा कापाकापी झालीच कशी म्हणून गळा काढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, की अमेरिकेतला व्होल्ट्रॉन जन्मालाच कापाकापीतून आला. पण हे चारचौघांत बोलू नका. माहितीने भांडणाचा बेरंग होतो.

त्याच सहाव्या सीझनमध्ये 'द ब्लॅक पॅलाडिन्स' नावाचा एपिसोड आहे. त्यात कीथ आणि शिरोचा क्लोन यांची झुंज होते. तलवार कीथच्या गालाजवळ येऊन चरचरते, चामडी भाजते, आणि तो मारणाऱ्यालाच सांगतो की तू माझा भाऊ आहेस. स्टुडिओ मीरच्या लोकांनी हात मोडेपर्यंत काम केलंय तिथे. एवढी बेभान झुंज मालिकांच्या ॲनिमेशनमध्ये फार दिसत नाही. तिच्याबद्दल अवाक्षर काढू नका. ती सगळ्यांना आवडते, त्यामुळे तिचा काही उपयोग नाही.

आता ज्यांना शेवट आवडला त्यांच्याविषयी. आहेत, असतात. अलूरा निरोप घेत असताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले. यांना मोकाट सोडणं धोक्याचं. ते तुमच्यातच असतील तर आधी वय विचारा, मग निवडलेली जोडी विचारा, मग "तू मालिका समजूनच घेतली नाहीस" हे सौम्यपणे सांगा. आणि तुम्हीच त्यांतले असाल तर बाहेर बोलू नका. फार उमाळा आला तर काल्टेनेकरवर बोला. काल्टेनेकर ही गाय. दुसऱ्या सीझनमध्ये अवकाशातल्या मॉलमध्ये पिज आणि लान्सला व्हिडिओ गेमसोबत ती फुकट मिळाली होती. ती मेली नाही, कुणाशी तिची जोडी जुळवली गेली नाही, तिचा क्लोन निघाला नाही. उभ्या फॅनडममध्ये सर्वांना मान्य असलेलं हे एकच पात्र.

इतकं सगळं पाठ झालं असेल तर हात आखडू नका, मोठी संधी दारात आहे. व्होल्ट्रॉनचा खऱ्या माणसांचा चित्रपट बनतोय. दिग्दर्शक रॉसन मार्शल थर्बर, कलाकारांत हेन्री कॅव्हिल, चित्रीकरण ऑस्ट्रेलियात झालं. जोड्या आत्ताच जाहीर करून टाका, म्हणजे पटकथा तुमच्या विरोधात लिहिली गेली होती हे पुढे सिद्ध करायला तारीख हाताशी राहील. न दाखवलेल्या मूळ आवृत्तीसाठी याचिकेचा मसुदा करून ठेवा, चित्रपटाच्या नावाची जागा तेवढी कोरी सोडा. शिरो मेला तर काय लिहायचं आणि नाही मेला तर काय, असे दोन्ही मजकूर हवेत. माझा एकच आहे, आणि तो गायीबद्दल आहे. ती दिसली नाही तर मी मध्यंतरातच लिहायला बसणार.