‘बांबिनो’ म्हणजे नुसतं तान्हं बाळ नव्हे

शेवयांच्या पाकिटामुळे आपल्याकडे घरोघरी पोचलेल्या ‘बांबिनो’ या इटालियन शब्दाबद्दल एक समज पसरलेला दिसतो: याचा अर्थ तान्हं बाळ, तो ‘बेबी’वरून आला, मुलगा-मुलगी दोघांनाही चालतो आणि मुळात ते बाळ येशूचं नाव. (शेवयांशी त्याचा अर्थाने काहीच संबंध नाही. तिकडे त्यांना ‘व्हर्मिचेल्ली’ म्हणतात, शब्दशः बारीक अळ्या!)

तान्ह्यालाही बांबिनो म्हणतात, पण नुकत्याच जन्मलेल्यासाठी ‘नेओनातो’ हा वेगळा शब्द आहे. बांबिनो म्हणजे शाळेत जाणारं पोरसुद्धा. मारिया माँटेसरींनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो वस्तीत उघडलेल्या ‘काझा देई बांबिनी’त साधारण तीन ते सहा वर्षांची मुलं होती. त्याचं भाषांतर ‘तान्हुल्यांचं घर’ केलं की पाळणाघर वाटतं. आपलं ‘बालमंदिर’ त्याच्या कितीतरी जवळ आहे.

‘बेबी’वरून आल्याची गोष्ट तर साफ चूक. इटालियनमध्ये ‘बांबो’ म्हणजे भाबडा, बावळट. त्याला ‘-इनो’ हा लघुत्वाचा प्रत्यय लागला. ‘व्हिओला’ या तंतुवाद्याच्या नावाचं ‘व्हिओलिनो’ (व्हायोलिन) होतं तसाच. ‘बांबो’ हा अडखळत्या, बोबड्या बोलण्याच्या नकलेतून आलेला. ग्रीकमध्ये ‘बांबाइनो’ म्हणजे मी अडखळतो, आणि रोमन वक्ता सिसेरोने मार्क अँटनीच्या सासऱ्याची ‘बांबालिओ’ या टोपणनावावरून, तोतरा नि मंद म्हणून, टर उडवली होती. ‘बेबी’सुद्धा बोबड्या बोलांतूनच आला असावा, पण म्हणून एक दुसऱ्याचा बाप ठरत नाही. अमेरिकेत जर्मन वंशाच्या बेब रूथ या बेसबॉलपटूला ‘द बांबिनो’ म्हणत, ते ‘बेब’चं सरळ इटालियन रूप होतं, व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे.

लिंगाचं सोपं आहे. मुलगा बांबिनो, मुलगी बांबिना. अनेकवचनं बांबिनी आणि बांबिने. दहा मुलींत एक मुलगा असला तरी व्याकरण ‘बांबिनी’च मागतं. लेकीच्या वाढदिवसाच्या केकवर ‘बांबिनो’ लिहिणं म्हणूनच चूक.

येशूच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे. अठराव्या शतकात इंग्रजीने हा शब्द उचलला तो बाळ येशूच्या मूर्तीच्या अर्थानेही. रोममधल्या आराचेली चर्चमधली ऑलिव्हच्या लाकडाची मूर्ती त्यात प्रसिद्ध होती; १९९४ साली ती चोरीला गेली, आता तिथे तिची प्रतिकृती आहे. इटालियनमध्येही संदर्भाने ‘इल बांबिनो’ म्हणजे बाळ येशू होऊ शकतो. पण एरवी नुसतं ‘बांबिनो’ म्हणजे कुठलंही पोर. १८६९ साली स्थापन झालेल्या रोमच्या बालरुग्णालयाच्या नावात तर ‘बांबिनो जेझू’ असं येशूचं नाव जोडलेलंच आहे.