‘तंत्र जमलं की पेशंट एकट्याने उचलता येतो’: हा सल्ला पाळू नका

पक्षाघाताचा पेशंट दवाखान्यातून घरी आला की नातेवाइकांच्या ग्रुपवर एक सल्ला हमखास येतो. गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा, स्वतःच्या कमरेला पट्टा बांधा, काखेत हात घालून उचला, पेशंटने अंग सैल सोडावं. तंत्र बरोबर असेल तर कितीही वजनाचा माणूस एकट्याला उचलता येतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे. असा सल्ला पाळून कंबर धरून बसलेल्या सुना, मुलगे आणि केअरटेकर मावशी मला वारंवार भेटतात, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

‘तंत्र असेल तर वजनाचा प्रश्न नाही.’ आहे, आणि तोच मुख्य प्रश्न आहे. कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेल्या सूत्रात अगदी आदर्श स्थितीतही उचलण्याची मर्यादा २३ किलो धरली आहे. आदर्श म्हणजे वस्तू अंगाशी, पकड पक्की, कमरेला पीळ नाही. पेशंटला धरायला मुठी नसतात, त्याचं वजन एका बाजूला कलतं, आणि घाबरला की तो तुमच्या गळ्यालाच मिठी मारतो. म्हणून त्याच संस्थेतल्या थॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये पेशंटसाठी ही मर्यादा सुमारे १६ किलोवर आणली. साठ किलोच्या माणसाचा नुसता एक पाय दहा किलोच्या आसपास भरतो, हे लक्षात घ्या. विल्यम मॅरास या संशोधकांच्या गटाने १९९९ मध्ये पेशंट हलवताना मणक्यावर येणारा भार मोजला, तेव्हा दोघांनी मिळून हलवतानाही तो धोक्याच्या पातळीला जात होता. नुसतं उचलायचं तंत्र शिकवून कामगारांची पाठदुखी टळते, याला २०११ च्या कॉक्रेन आढाव्यातही (अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात) पुरावा सापडला नाही.

पट्ट्याबद्दल फार लिहायला नको. निरोगी पाठीला तो दुखापतीपासून वाचवतो असं मोठ्या पाहण्यांत दिसलेलं नाही. उलट पट्टा बांधला की माणूस जास्त वजनाला हात घालतो, ही मला वाटणारी खरी भीती.

‘काखेत हात घालून उचला.’ या वाक्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे. पक्षाघातात खांदा जागेवर धरणारे स्नायू ढिले पडतात आणि हाताच्या वजनानेच सांधा खाली ओढला जातो. त्यात काखेतून हिसका बसला की तो आणखी सरकतो; हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगाही काखेतूनच जातो. मग खांदा इतका दुखतो की पेशंट हाताला हात लावू देत नाही, आणि व्यायामाचे सुरुवातीचे मोलाचे महिने हातचे जातात. लुळा हात ओढूही नका. आधार द्यायचा तो धडाला आणि कमरेला; त्यासाठी पेशंटच्या कमरेला बांधायचा, धरायला कड्या असलेला ट्रान्सफर बेल्ट मिळतो.

‘पेशंटने अंग सैल सोडावं.’ नेमकं उलट. त्याला पलंगाच्या कडेला आणा, पावलं गुडघ्यांच्या मागे घ्या, खुर्ची चांगल्या, म्हणजे पक्षाघात न झालेल्या बाजूला ठेवा. मग त्याला पुढे वाकून पायांवर जोर द्यायला सांगा. ढुंगण आपोआप पलंगावरून उचललं जातं. त्याने लावलेला जोर हाच त्याचा व्यायाम असतो. जो पायांवर भारच घेऊ शकत नाही, त्याला उचलू नका. सरकवायची चादर, सरकफळी (पलंग आणि खुर्चीच्या मध्ये ठेवून पेशंटला सरकवायची गुळगुळीत फळी) किंवा पेशंट लिफ्ट, म्हणजे पेशंटला झोळीत उचलणारं यंत्र, वापरा. लिफ्ट भाड्यानेही मिळते.

हात लावण्याआधी काय पाहायचं, हे त्या सल्ल्यात कुठेच नाही. कामावर हाताने ओझी उचलण्याबद्दलच्या ब्रिटनच्या १९९२ च्या नियमांचा क्रम मला पटतो: टाळता येत असेल तर उचलणं टाळा, नाहीतर धोका तपासा, मग तो कमी करा. तपासायच्या गोष्टी चार: काम, ते करणारा माणूस, पेशंट आणि जागा. घरी याचा अर्थ असा: पलंग फार खाली आहे का, न्हाणीघर ओलं आहे का, व्हीलचेअरचे ब्रेक लावले का, पायफळ्या बाजूला केल्या का, लघवीची पिशवी कुठे अडकेल का. पेशंटला आज सूचना कळतायत का? सकाळी उभा राहणारा माणूस संध्याकाळी थकून कोसळू शकतो. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं बीपी वीसने किंवा त्याहून अधिक उतरलं तर घेरी येऊ शकते, म्हणून आधी थोडा वेळ पाय खाली सोडून बसवा.

आणि शेवटचं, ‘पडला तर लगेच उचला.’ नको. शुद्ध, डोक्याचा मार, मान आणि खुबा आधी पाहा. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, किंवा खुब्यात असह्य दुखत असेल, तर हाड मोडल्याचं धरून चाला. त्याला हलवू नका, अंगावर पांघरूण घाला आणि १०८ ला फोन करा.